अडतीस पाकिटं उघडलीच नव्हती

मी मेडिकल कॉलेजात स्टॅटिस्टिशियन, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ आहे. पीएसएम (सामाजिक आरोग्य) डिपार्टमेंटला बसते, एमबीबीएसच्या मुलांना बायोस्टॅट शिकवते आणि उरलेला सगळा वेळ पीजी रेसिडेंट्सच्या, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांच्या थिसिसमध्ये जातो. सबमिशन जवळ आलं की दुपारनंतर केबिनबाहेर रांग लागते, कुणी ओटीचे हिरवे कपडे घालूनच आलेलं, कुणी नाईट ड्युटी करून न झोपता आलेलं, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या ना." (दोन गटांतला फरक नुसता योगायोग असू शकतो का, हे सांगणारा आकडा.) या मुलांची मला मनापासून काळजी वाटते, छत्तीस छत्तीस तास उभं राहून ही मुलं रिसर्च करतात हेच खूप आहे. म्हणून पुढचं वाचताना त्या मुलाला व्हिलन समजू नका, एवढीच विनंती.

तो अनेस्थेशियाचा थर्ड इयरचा रेसिडेंट. विषय आपल्याकडे फार चालणारा, पायाच्या हाडाच्या ऑपरेशनला स्पायनल, म्हणजे कमरेखाली बधिर करणारं मणक्यातलं इंजेक्शन देताना बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधात फेंटानिल मिसळायचं की डेक्समेडेटोमिडिन, आणि मग बघायचं कुणाला पेनकिलर किती वेळाने लागतं, बीपी आणि पल्स कशी राहते, दुखणं किती. साठ पेशंट, तीस-तीसचे दोन गट. सॅम्पल साईज मीच काढून दिला होता आणि रँडम यादीपण माझ्याच कॉम्प्युटरवर बनली होती.

पेनड्राईव्हमधून मास्टर चार्ट उघडला. (थिसिसच्या शेवटी प्रत्येक पेशंटची एक ओळ असा मोठा तक्ता जोडतात तो.) मला एक सवय आहे, टेस्ट लावायच्या आधी मी नुसता चार्ट वाचते, वरून खाली, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा. पहिल्या बावीस ओळी अगदी आपल्या हॉस्पिटलच्या होत्या. वय ४५, ६०, ३५, ५०, ६५, ४०. आपल्याकडे वय विचारलं की पेशंट "लिवा चाळीस" म्हणतो, त्यामुळे खऱ्या रजिस्टरमध्ये शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांची गर्दी असते, जनगणनेतसुद्धा असते. दुखण्याच्या स्कोअरचे सहा तासांचे काही रकाने रिकामे, कारण पेशंट झोपला होता किंवा वॉर्डात कुणी लिहिलंच नाही. एकाचा स्पायनल फेल गेला, जीए, म्हणजे पूर्ण भूल द्यावी लागली, तसा शेरा. तिघांची पल्स पन्नासच्या खाली गेली, पल्स वाढवणारं अॅट्रोपिन दिलं.

तेविसाव्या ओळीपासून मात्र हॉस्पिटल बदलल्यासारखंच वाटलं. वय ४३, ५७, ३८, ६१, ४९. एकही रकाना रिकामा नाही. कुणाचा स्पायनल फेल नाही, कुणाची पल्स पडत नाही. एकतीस नंबरच्या पेशंटची पल्सची अख्खी रांग, शून्य मिनिटापासून साठ मिनिटांपर्यंत, नऊ नंबरच्या पेशंटसारखीच, फक्त प्रत्येक आकड्यात दोन मिळवलेले. मग मी तारखांचा कॉलम बघितला. आमच्याकडे ऑर्थोची इलेक्टिव्ह लिस्ट, म्हणजे आधी ठरवलेली हाडांची ऑपरेशनं, सोमवार-गुरुवार. इथे तीन ऑपरेशनं रविवारी झालेली आणि एक चक्क लक्ष्मीपूजनाला.

तो समोर बसून मोबाईल बघत होता. मी आवाज न चढवता विचारलं, "पाकिटं कुठेयत रे?"

पाकिटांचं सांगायला हवं. कुठल्या पेशंटला कुठलं औषध हे डॉक्टरने ठरवू नये म्हणून रँडम यादी बंद पाकिटात घालतात, पाकिटावर एक ते साठ नंबर, आत चिठ्ठी, आणि चिठ्ठीभोवती फॉईल, म्हणजे उजेडात धरून वाचता येऊ नये. पेशंट टेबलावर आल्यावर सिस्टर पुढच्या नंबरचं पाकीट फोडतात, त्याच्यावर तारीख आणि आयपीडी नंबर (पेशंटचा भरतीचा नंबर) घालतात.

तो काही बोलला नाही, उठून गेला आणि बऱ्याच वेळाने एक बुटांचा खोका घेऊन आला. वरती बावीस पाकिटं फोडलेली, रबर लावलेली, सिस्टरांच्या अक्षरात तारीख, एकावर बेटाडीनचा डाग. खाली तेवीस ते साठ, अडतीस पाकिटं, चिकटवलेली तशीच, कोरी करकरीत. मी खोका टेबलावर मधोमध ठेवला. मग तो रडायला लागला.

झालं होतं असं की मध्ये सी-आर्म मशीन (ऑपरेशन चालू असताना हाडाचा एक्स-रे दाखवतं ते) बंद पडलं आणि महिनोन्‌महिने दुरुस्त झालं नाही, सी-आर्म नाही म्हणजे हाडाच्या बहुतेक केसेस जिल्ह्याच्या दुसऱ्या हॉस्पिटलला रेफर. केसेसच नाहीत तर स्टडी कुठून होणार. गाईड सरांना, म्हणजे ज्यांच्या हाताखाली थिसिस होता त्यांना, त्याने दोनदा सांगितलं तर सर म्हणाले, "बाकीचं अॅडजस्ट कर, सगळे करतात." आता थर्ड इयरचा मुलगा, परीक्षेला बसायचं की नाही हे ज्यांच्या सहीवर ठरतं त्यांनी असं सांगितल्यावर तो काय ऐकेल? चूक त्याची आहेच, रात्रभर बसून अडतीस माणसं त्याने बनवली. पण "अॅडजस्ट" हा शब्द ज्याच्या तोंडून निघाला त्याची जबाबदारी मी जास्त धरते आणि हे मी त्या मुलालाही त्याच दिवशी सांगितलं.

मग त्याच्यासमोरच मी एक गोष्ट करून दाखवली. डेक्समेडेटोमिडिनच्या खऱ्या अकरा पेशंटपैकी तिघांची पल्स पडली होती, म्हणजे २७ टक्के. त्याच्या साठच्या चार्टमध्ये तीसपैकी तीन, म्हणजे १० टक्के. बनवलेल्या पेशंटची पल्स कधीच पडत नाही ना! अकरा हा आकडा लहान आहे, खरा दर काय हे त्यावरून नक्की सांगता येत नाही, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा दर कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा) भलामोठा येतो, हे मान्यच. पण धोका दिसतोय तो पुसण्याचं काम त्या अडतीस ओळींनी केलं होतं. आणि हे औषध मुळात शिरेतून सेडेशनसाठी, म्हणजे गुंगीसाठी आहे, मणक्यात देणं ऑफ-लेबल, म्हणजे मंजुरीबाहेरचं आहे, म्हणजे तिथे पल्सकडे डोळ्यात तेल घालून बघायला हवं. गंमत नाही ही. दुसरं म्हणजे पेनकिलर उशिरा लागण्याचा फरक खऱ्या बावीस जणांमध्येच एवढा स्पष्ट होता की त्याला खोट्याची गरजच नव्हती. हे ऐकून तो जास्त रडला.

त्या बावीस जणांचं मला फार लागून राहिलं होतं. त्यांनी मराठीतला कन्सेंट फॉर्म ऐकला, कुणी सही केली, कुणी साक्षीदारासमोर अंगठा दिला, मोडका पाय घेऊन. "तुमच्या माहितीचा पुढच्या पेशंटना उपयोग होईल" असं आपण त्यांना लेखी दिलंय. आणि मग त्यांच्या खऱ्या दुखण्यात अडतीस खोटी दुखणी कालवायची. देशातलं वैद्यकीय संशोधन बघणाऱ्या आयसीएमआरच्या २०१७च्या गाईडलाईन्समध्ये हे सगळं आहेच, पण त्या न वाचताही कळावं इतकं साधं आहे हे.

संध्याकाळी मी आणि तो गाईड सरांकडे गेलो. सर माझ्यापेक्षा सीनियर, एरवी सभ्य माणूस, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, एवढं मनावर घेऊ नका, एमडीचा थिसिस आहे, लायब्ररीच्या कपाटात जातो, कोण वाचतंय?" मी म्हटलं सर, कपाटात जात नाही. प्रमोशनला पेपर लागतात, त्यामुळे थिसिसचा पेपर होतो, पेपर मेटा-अॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करतात तिथे) जातो, आणि तिथून गाईडलाईनमध्ये. या थिसिसच्या पेपरचा ड्राफ्टपण तयार होता आणि लेखकांत माझंही नाव होतं, स्टॅटिस्टिक्स केल्याबद्दल. आयसीएमजेई, म्हणजे मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या नियमांप्रमाणे लेखक म्हणून नाव घालायचं तर त्या कामाच्या खरेखोटेपणाचं उत्तर द्यायची तयारी लागते. मी सरांना सरळ सांगितलं, या डेटावर मी एकही टेस्ट लावणार नाही आणि हा थिसिस असाच सबमिट झाला तर मी एथिक्स कमिटीला लेखी कळवणार.

सर चिडले. मग मी त्यांना त्यांच्याच विषयातलं उदाहरण दिलं. योशिताका फुजी, जपानचे अनेस्थेटिस्ट, ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ग्रॅनिसेट्रॉन या औषधाचे ढीगभर पेपर. सन २००० मध्येच काही जर्मन डॉक्टरांनी जर्नलला पत्र लिहून दाखवलं होतं की यांचा डेटा अविश्वसनीय सुंदर आहे, डोकेदुखीचे आकडे गटागटात तंतोतंत सारखे येतात. कुणी फार हललं नाही. पेपर येत राहिले. २०१२ मध्ये ब्रिटनच्या जॉन कार्लाईल यांनी, तेही अनेस्थेटिस्टच, फुजींच्या १६८ ट्रायल्सचं गणित मांडून असा डेटा आपोआप येणं जवळजवळ अशक्य आहे हे दाखवलं, आणि त्याच वर्षी जपानच्या अनेस्थेशिया सोसायटीच्या चौकशीत २१२ पैकी १७२ पेपर खोटे निघाले, त्यातल्या १२६ ट्रायल्स तर पूर्ण बनवलेल्या. मधली बारा वर्षं ते आकडे जगभरातल्या डॉक्टरांनी खरे धरले. सर हे नाव ओळखत होते. गप्प बसले.

आपल्याकडेही झालंय. मुरादाबादच्या एका डॉक्टरांची हृदयरोग आणि आहाराची ट्रायल १९९२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, मग संशय आला, मूळ कागद मागितले तर काही वाळवीने खाल्ल्याचं कळवलं गेलं, आणि २००५ मध्ये स्टॅटिस्टिशियन लोकांनी आकड्यांचा फैलाव आणि शेवटचे अंक तपासून तो डेटा विश्वासार्ह नाही असं बीएमजेतच लिहिलं. तेरा वर्षं गेली. माझ्यासमोर तर खोका त्याच दिवशी आला होता, त्याचं मला खरंच समाधान आहे.

पुढे एचओडी मॅडमनी मध्ये पडून मार्ग काढला आणि त्यांचे मी जाहीर आभार मानते. अडतीस ओळी काढून टाकल्या. एथिक्स कमिटीला पत्र गेलं, ठरलेला सॅम्पल साईज पूर्ण होत नाही, कारण सी-आर्म बंद, मिळतील तेवढ्याच केसेसवर अॅनालिसिस करू. मी तक्रार केली नाही, कारण काहीही सबमिट झालं नव्हतं आणि त्याने स्वतः खोका आणून दिला होता. काहींना हे चुकीचं वाटेल, मला नाही वाटत. नशिबाने मशीन दुरुस्त झालं आणि उरलेल्या आठवड्यांत त्याने अजून बारा खऱ्या केसेस केल्या, पाकीट फोडून, सिस्टरांच्या अक्षरातल्या तारखेसह. चौतीसवर थिसिस गेला. पल्स पडल्याचं कोष्टक पहिल्याच पानांत घातलं, लिमिटेशन्समध्ये सगळं खुलं लिहिलं. परीक्षकांनी विचारलं साठ का नाहीत, त्याने सी-आर्मचं सांगितलं, ते पुढच्या प्रश्नावर गेले. एवढंच. ज्या भीतीपोटी अडतीस माणसं जन्माला घातली होती तो प्रश्न अर्ध्या मिनिटात संपला.

एक गोष्ट मात्र मला सतत खटकते. थिसिसला प्लेजरिझमचा रिपोर्ट जोडावा लागतो, यूजीसीचे २०१८चे नियम आल्यापासून "मॅडम, माझं दहा टक्क्यांच्या खाली आलं" हे पेढे वाटल्यासारखं सांगतात. त्या मुलाचं सात टक्के आलं होतं, अडतीस खोट्या ओळींसकट. दुसऱ्याचं वाक्य चोरलं तर सॉफ्टवेअर लाल करतं, आख्खा पेशंट मनाने बनवला तर ते कुठेच दिसत नाही कारण तो दुसऱ्या कुणाचा नसतोच. आणि कॉलेजांच्या आसपास पैसे घेऊन थिसिस करून देणारे बसलेत, ते डेटासकट देतात, हे पीजी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हे पकडायला माणूसच लागतो, कागद मागणारा.

म्हणून आता मी चार्ट घ्यायच्या आधीच पाकिटं आणि प्रोफॉर्मा (प्रत्येक पेशंटचा भरलेला माहितीचा कागद) मागते आणि मला वाटतील ते पाच आयपीडी नंबर एमआरडीतून (हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून) काढून ताडून बघते, रेसिडेंटला समोर बसवून. तासभर जातो. दोन डिपार्टमेंटची मुलं माझ्याकडे यायची बंद झालीयत, त्या गाईड सरांची तर एकही फाईल येत नाही. बाकीची येतात. काहीजण तर आता सिनॉप्सिसच्या, म्हणजे थिसिसचा आराखडा देण्याच्या वेळीच विचारायला येतात की मॅडम, केसेस कमी पडल्या तर काय लिहायचं, आणि ते मी त्यांना लेखी देते.