घोडी माजावर येत नव्हती, तिथून गाभण राहीपर्यंत: माझा अनुभव

कल्याणी आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेतून आली. कुमेत रंग, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याण. जात मारवाडी, त्यामुळे कानांची टोकं एकमेकांना भिडणारी. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तिच्यावर भारी जीव. पहिलं शिंगरू तिनं व्यवस्थित दिलं. त्यानंतर मात्र घोडा लावूनही ती गाभण राहीना, आणि पुढे तर माजच दाखवेना. घोडा समोर आणला की कान मागे, शेपूट गच्च दाबलेली आणि वरून लाथ. येणारा-जाणारा सांगायचा, "वय झालं हिचं, आता काढून टाका." तपासणी न करताच जनावराला वांझ ठरवून मोकळं व्हायचं, हे मला आजही सहन होत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या भागात पक्की समजूत आहे की घोड्याला लाथ मारणारी घोडी गाभण असते. ही लाथ खरं तर प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनमुळे असते, आणि ते रिकाम्या घोडीच्या अंगातही असू शकतं. घोडीचं चक्र साधारण 21-22 दिवसांचं. त्यातले 5 ते 7 दिवस माजाचे. बीज वाढवणारी पाण्याची पुटकुळी, म्हणजे फॉलिकल, मोठी होत जाते, इस्ट्रोजेन हे माज आणणारं हार्मोन वाढतं आणि माज संपायच्या दिवस-दोन दिवस आधी बीज सुटतं. त्या जागी पीतपिंड नावाची गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन सोडायला लागते. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी गर्भाची पिशवी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडते, पीतपिंड विरघळतं आणि घोडी पुन्हा माजावर येते. कल्याणीचं गाडं नेमकं या शेवटच्या पायरीवर अडलं होतं.

डॉक्टरांनी तिला खोड्यात उभं करून सोनोग्राफी केली. गर्भ नव्हता, पण डाव्या बीजांडकोशात पीतपिंड ठळक दिसत होतं. रक्तातही प्रोजेस्टेरॉन निघालं. हे अडकलेलं पीतपिंड घोडीला दोन-तीन महिने माजाविना ठेवू शकतं. मी हिवाळ्याबद्दलही विचारलं, कारण घोडी मोठ्या दिवसांत माजावर येणारं जनावर आहे. थंड देशांत तर हिवाळ्यात त्यांचं चक्र पार थांबतं, म्हणून तिथे तबेल्यात दिवे लावून दिवस 16 तासांचा करतात. पण आमच्या नंदुरबारकडे सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, आणि इकडच्या बऱ्याच घोड्या वर्षभर माज दाखवतात. शिवाय बीजांडकोश काम करताना पडद्यावर दिसतच होता. त्यामुळे दोष थंडीच्या माथी मारता येत नव्हता.

उपाय प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनचा. डॉक्टरांनी मला त्या बाटलीला हातसुद्धा लावू दिला नाही. हे औषध कातडीतून शरीरात जातं, आणि गरोदर बाईनं किंवा दम्याच्या माणसानं ते हाताळू नये. ज्या घरांत गोठ्याचं काम बायका करतात, तिथे हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं. इंजेक्शननंतर कल्याणीला घाम फुटला, ती पोटाकडे वळून वळून बघत राहिली. मी मानेवरून हात फिरवत थांबले. थोड्या वेळात ती शांत झाली. बीज सुटल्यापासून पाच दिवस व्हायच्या आत हे औषध दिलं तर सहसा उपयोग होत नाही, कारण पीतपिंड अजून कोवळं असतं आणि दाद देत नाही. तारीख न बघता सुई टोचणारे इथेच फसतात.

माज आला. शेपूट बाजूला, वारंवार लघवी, योनीमुखाची उघडझाप. पडद्यावर पिशवीचा छेद संत्र्याच्या आडव्या चकतीसारखा दिसत होता. ती इस्ट्रोजेनमुळे आलेली सूज, आणि या वेळी ती हवीच असते. फॉलिकल 35 मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन दिलं. त्यानं साधारण दीड-दोन दिवसांत बीज सुटतं, म्हणून घोडा त्या हिशोबानं लावला.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. पिशवीत पाणी साचलं होतं. घोडा लावल्यावर पिशवीला थोडी सूज येतेच. तरुण घोडी ती घाण बाहेर टाकते, वयस्कर घोडीला बऱ्याचदा ते जमत नाही. त्या खेपेला गर्भ राहिला नाही. आबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पुढच्या माजात घोडा लावल्यावर काही तासांनी सलाइननं पिशवी धुतली आणि पिशवी आकसून पाणी बाहेर पडावं म्हणून ऑक्सिटोसिन दिलं. धुण्यानं सगळं वाया जाईल अशी मला भीती होती. पण चार तासांत पुरेसे शुक्राणू बीजनलिकेत पोचलेले असतात, आणि गर्भ पिशवीत उतरतो तो सहाव्या दिवसाच्या सुमारास. मध्ये पिशवी साफ करायला वेळ असतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी शेपूट उचलून दाखवली. कल्याणीचं गुदद्वार वयामुळे आत ओढलं गेलं होतं, त्यामुळे लीद थेट योनीमुखावर पडायची आणि चालताना हवा आत जायची. जागा बधिर करून त्यांनी योनीमुखाचा वरचा भाग शिवला, खाली लघवीपुरती वाट ठेवली. हार्मोनचं गणित कितीही जुळवलं तरी ही वाट उघडी राहिली असती, तर पिशवी पुन्हा बिघडली असती.

पंधराव्या दिवशी पडद्यावर एकच काळा गोल दिसला. एकच, हे महत्त्वाचं, कारण घोडीला जुळी सहसा झेपत नाहीत आणि याच सुमारास एक गोल दाबून फोडता येतो. हा एवढासा गर्भ सोळाव्या दिवसापर्यंत पिशवीभर फिरतो. त्या फिरण्यामुळेच पिशवी प्रोस्टाग्लँडिन रोखून धरते. पंचविसाव्या दिवसानंतर हृदयाचा ठोका दिसला, तेव्हा आबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"गर्भ टिकायचं इंजेक्शन द्या" असा आग्रह अनेकांनी धरला. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, तिचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन भरपूर होतं, मग दिलं नाही. मला हे मनापासून पटलं. पिशवीत संसर्ग असेल तर हेच हार्मोन पिशवीचं तोंड बंद करून घाण आत कोंडतं.

साठाव्या दिवसानंतरही एकदा सोनोग्राफी करून घ्या. 35-40 दिवसांनंतर पिशवीत ईसीजी (हृदयाची तपासणी नव्हे) हे गाभणपणाचं हार्मोन तयार व्हायला लागतं. त्यानंतर गर्भ गेला तरी ते काही काळ रक्तात राहतं, घोडी माजावर येत नाही आणि रक्ताची तपासणी गाभण सांगत राहते.

सध्या तिला आठवा महिना चालू आहे. टाके विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी उघडायचे ठरले आहेत, नाहीतर विताना फाटतं. शिंगरू झाल्यावर आठवड्या-दहा दिवसांत येणारा पहिला माज आम्ही सोडून देणार आहोत. पिशवी आधी तपासायची, घोड्याचं नंतर बघू.