उरुशीच्या चॉपस्टिक आणि गोव्याची हवा

जपानी लाखेच्या चॉपस्टिक घरात रोज वापरल्या जातात, हे कळले की गोव्यातील माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपल्या पावसाळ्यात त्या टिकतात का? कपाटातल्या चपलांपासून पुस्तकांच्या पुठ्ठ्यांपर्यंत सगळ्यालाच जिथे चार महिने बुरशी धरते, तिथे ही शंका रास्तच आहे. पण या एका वस्तूच्या बाबतीत भीती नेमकी चुकीच्या दिशेने धावते. खऱ्या उरुशीला, म्हणजे या जपानी लाखेला, दमट हवा मानवते. तिचा घात होतो तो उन्हाने, एसीच्या कोरड्या हवेने आणि जेवण झाल्यावर सगळी भांडी बेसिनमध्ये भिजत टाकण्याच्या आपल्या सवयीने.

उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक, आणि हे झाड काजू, आंबा आणि बिब्बा यांच्याच कुळातले आहे. काजूबिया फोडताना डीक लागून ज्यांची बोटे सोलली आहेत किंवा ज्यांच्या अंगावर कधी बिब्बा उतला आहे, त्यांना ओल्या उरुशीचा स्वभाव वेगळा सांगण्याची गरज नाही. तिच्यातला उरुशिओल त्वचेवर तसेच फोड आणतो. दहा-पंधरा वर्षे वाढलेल्या झाडाच्या सालीवर संपूर्ण हंगामभर चरे पाडत गेल्यावर जेमतेम २०० ग्रॅम चीक हाती लागतो, आणि जपानमधील रूढ पद्धतीनुसार हंगाम संपताच ते झाड तोडून त्याच्या बुंध्याला नवे फुटवे येऊ दिले जातात. इवाते प्रांतातील जोबोजी हा भाग या देशी चिकासाठी प्रसिद्ध आहे, तरीही जपानला लागणाऱ्या उरुशीपैकी ९० टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, तीही मुख्यतः चीनमधून. अस्सल उरुशीची जोडी महाग का असते, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

उरलेले निम्मे उत्तर ती घट्ट कशी होते यात आहे. ऑइलपेंट किंवा वॉर्निश वाळते तशी उरुशी वाळत नाही. चिकातच असलेले लॅकेज नावाचे एन्झाइम हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने उरुशिओलचे रेणू एकमेकांत गुंफते, आणि या एन्झाइमला काम करण्यासाठी सुमारे ७० ते ८५ टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून जपानी कारागीर लाकडी कपाटात मुद्दाम ओल राखतात आणि प्रत्येक थर दिल्यावर वस्तू त्यात ठेवतात. आषाढ-श्रावणात ही हवा आपल्याकडे कपाटाबाहेरही फुकट मिळते! एकदा पक्की झालेली उरुशी आम्ल, अल्कली आणि मद्यार्क यांना दाद देत नाही. त्यामुळे कोकमाच्या किंवा चिंचेच्या आंबटाची तिला भीती नाही. आपल्या शेजारच्या सावंतवाडीमुळे लाखकाम आपल्याला ठाऊक आहे, पण ती लाख किड्यापासून मिळते, उष्णतेने मऊ होते आणि मद्यार्कात विरघळते. दोन्हींना आपण लाखच म्हणत असलो तरी एकीची निगा दुसरीला लागू पडत नाही.

निवडताना सर्वांत आधी लेबल वाचावे किंवा वाचून घ्यावे. लाखेच्या वस्तूंवर पृष्ठभागाला कोणता लेप दिला आहे हे जपानमध्ये छापलेले असते. तिथे उरुशी लिहिलेले असेल, पॉलियुरेथेन असेल, किंवा ‘काशू’ असेल. या काशूने गोव्याच्या माणसाला हसू यावे, कारण तो काजूच्या टरफलातील त्याच तिखट द्रवापासून बनवलेला रंग आहे. दिसायला तो उरुशीच्या बराच जवळ जातो आणि किमतीत पुष्कळ खाली राहतो. डिशवॉशरमध्ये चालेल असे ज्या जोडीवर लिहिलेले असते तिचा लेप बहुधा कृत्रिम समजावा. तो वाईट असतो असे नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला किंवा भांडी स्वतः न घासणाऱ्या गृहस्थाला मी तीच जोडी सुचवीन. मात्र कृत्रिम लेपाला उरुशीची किंमत मोजू नये.

लांबीचा जपानी हिशेब आपल्याला लगेच समजतो : अंगठा आणि तर्जनी ताणून होणारी टीच मोजावी आणि तिच्या दीडपट लांब जोडी घ्यावी. त्या मापाने बहुतेक पुरुषांना सुमारे २३ आणि स्त्रियांना सुमारे २१ सेंटिमीटर लांबीची जोडी बरी पडते, आणि दुकानात मापेही साधारण याच आसपास मिळतात. जपानी घरात प्रत्येकाच्या काड्या वेगळ्या असतात, त्यामुळे ‘सगळ्यांसाठी एक डझन’ अशी खरेदी करण्यात अर्थ नाही. काडी अगदी गोल असेल तर ती बोटांत फिरते आणि टेबलावरून घरंगळते. चौकोनी पण कडा मारलेली किंवा अष्टकोनी काडी नवशिक्याच्या हातात अधिक स्थिर राहते.

खरी परीक्षा टोकाची. जपानी काड्या चिनी काड्यांपेक्षा आखूड आणि टोकाशी निमुळत्या असतात, आणि माशाचे काटे वेगळे करायला असे टोक फार उपयोगी पडते. बांगड्याच्या मधल्या काट्यालगत टोक सरकवून वरचा मासा अलगद उचलता येतो, आणि हे पाहिल्यावर मासेखाऊ माणसाला या काड्यांबद्दल पटवून द्यावे लागत नाही. टोकावर आरशासारखी चकाकी असेल तर शेवया आणि नूडल्स निसटतात. चांगला कारागीर टोकाकडच्या काही सेंटिमीटरवर उरुशीची भुकटी किंवा तत्सम बारीक पूड बसवून ते किंचित खरखरीत ठेवतो. बोट फिरवले की ते कळते.

नक्षी मात्र वरच्या भागावरच शोभते. फुकुई प्रांतातील ओबामा या किनारी शहरात जपानच्या लाखेच्या काड्यांपैकी सुमारे ८० टक्के तयार होतात, आणि तिथली वाकासा शैली जवळपास ४०० वर्षे जुनी आहे. या शैलीत अंड्याच्या टरफलाचे कण, शिंपल्याचे तुकडे किंवा पाईनच्या सुया लाकडावर बसवून त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या उरुशीचे थर चढवतात, आणि मग तो सगळा थर घासत घासत खालची नक्षी वर आणतात. अशी काडी प्रकाशात तिरकी धरली तर शिंपल्याचा तुकडा हिरव्यातून जांभळ्यात सरकतो, पण त्यावरून नख फिरवले तर कुठेच कड लागत नाही. नख अडले तर शिंपला वरून चिकटवलेला आहे, असे समजून पुढच्या दुकानात जावे. लाखकामासाठीच प्रसिद्ध असलेल्या वाजिमा या जपानी गावची जोडी साधी आणि दणकट असते; १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्या गावाची मोठी हानी झाली, म्हणून तिथली वस्तू मिळाली तर मी दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो.

लुईश फ्रॉइश हा जेझुइट १५४८ मध्ये गोव्यात आला, इथेच शिकला आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. आपल्याकडे लोक हाताने जेवतात आणि जपानी मात्र लहानपणापासून दोन काड्यांनी, अशी नोंद त्याने १५८५ मध्ये केली. ‘आपल्याकडे’ म्हणजे युरोपात, हे वाचून आमच्या घरी बराच वेळ करमणूक झाली होती.

आता निगा. जेवण झाल्याबरोबर काड्या कोमट पाण्यात, सौम्य साबणाने आणि मऊ स्पंजने धुवाव्यात. काथ्या, राख, स्टीलची घासणी यांपैकी काहीही लावू नये. लगेच सुती फडक्याने टोकापर्यंत पुसाव्यात, आणि टोके खाली करून ओल्या स्टँडमध्ये उभ्या करू नयेत, कारण पाणी नेमके टोकाशीच साचते. खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात वाळत घालण्याचा मोह टाळावा. ऊन उरुशीची चकाकी खाऊन टाकते. पावसाळ्यात काडीला बुरशी येत नाही, पण भेटीच्या खोक्यातील रेशमी अस्तराला हमखास येते, म्हणून खोके रिकामे ठेवून काड्या मोकळ्या हवेतल्या खणात ठेवणे बरे.

माझी मोठी ताई तव्यावरचे मासे परतायला हाताला लागतील त्या काड्या घेते, म्हणून आमच्याकडे शेगडीजवळ साध्या बांबूच्या लांब काड्या वेगळ्या ठेवल्या आहेत. गरम तवा आणि उकळते तेल लाखेसाठी नव्हे. नव्या उरुशीला उग्र वास येत असेल तर जोडी काही दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावी. हा जपानी घरगुती उपाय उकड्या तांदळातही तितकाच चालतो.

टोक चावण्याची सवय ज्यांना आहे त्यांच्या काड्यांची लाख तिथूनच उडते, आणि उघड्या पडलेल्या लाकडात आधी पाणी शिरते, मग हळदीचा पिवळा डाग बसतो आणि शेवटी आजूबाजूचा थर सुटू लागतो. चांगल्या जोडीवर जपानमध्ये पुन्हा थर चढवून मिळतो, पण साध्या जोडीसाठी टपालखर्च करणे परवडत नाही. ती सरळ बाजूला काढावी. अशा टोकावर हार्डवेअरच्या दुकानातले वॉर्निश मात्र कधीही लावू नये, कारण ते दारे-खिडक्यांसाठी बनवलेले असते, तोंडात घालायच्या वस्तूसाठी नव्हे.