तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसांना कोणी शिकवत नाही का?

आमच्या सोसायटीत एक बाई राहतात. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांना वीजबिल थकल्याचा फोन आला. पलीकडच्या माणसानं सांगितलं ते ॲप त्यांनी मोबाइलवर घेतलं आणि पाच मिनिटांत खात्यातले ८६ हजार रुपये गेले. बाई रडत बसल्या नाहीत. रिक्षा करून अर्ध्या तासात पोलीस ठाण्यात पोचल्या. टेबलावर एक तरुण अंमलदार होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, सायबरचं साहेबच बघतात, ते बंदोबस्ताला गेलेत. उद्या सकाळी पासबुक घेऊन या." बाई दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला गेल्या. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून निघून गेले होते.

संध्याकाळी गच्चीवर त्या मला म्हणाल्या, "पोरगा वाईट नव्हता गं. त्याला माहीतच नव्हतं. मला दर उन्हाळ्यात प्रशिक्षणाला बसवायचे. अभ्यासक्रम बदलला की प्रशिक्षण, मूल्यमापन बदललं की प्रशिक्षण. यांना कोणी शिकवत नाही का? का सरकार पैसेच देत नाही?"

हा प्रश्न मला लग्नात, बँकेच्या रांगेत, माहेरी गेले की भावाच्या ओसरीवर, सगळीकडे विचारला जातो. कारण मी एसपी ऑफिसात एकतीस वर्षं लिपिक होते. बहुतेक काळ लेखा शाखेत, मधली तीन वर्षं एका पोलीस प्रशिक्षण केंद्रात, शेवटची काही आस्थापना शाखेत. मे २०२४ मध्ये निवृत्त झाले. अंगावर कधी खाकी चढवली नाही, पण खाकीतल्या माणसांचा पगार, प्रवासभत्ता, रजा, गणवेशाचं कापड, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. बाईंना गच्चीवर जमेल तेवढं सांगितलं. आता नीट लिहिते.

सरकार पैसे देतं. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीतला विषय आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या शिपायाचा पगार नगरपालिका देत नाही, जिल्हा परिषदही देत नाही. तो राज्याच्या अर्थसंकल्पातल्या गृह विभागाच्या मागणीतून, लेखाशीर्ष २०५५ म्हणजे पोलिसांच्या खर्चाच्या खात्यातून येतो. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथं शहराचं पोलीस खातं मुख्यतः शहराच्याच करातून चालतं. मी त्याला सांगितलं, की आमच्या पोलीस ठाण्याला स्वतःची तिजोरीच नसते, तर त्याला खरं वाटेना. ठाण्याचा इन्स्पेक्टर शंभर लोकांना हुकूम सोडतो, पण कोषागारातून शंभर रुपये काढायची सही त्याची नसते. टोनर संपला तरी मागणी एसपी ऑफिसात येते, आणि आमच्याकडे ठरलेलं उत्तर असायचं: अनुदान आल्यावर बघू.

वर्षाच्या सुरुवातीला बीडीएस, म्हणजे कुठल्या खर्चाला किती अनुदान त्याचा कागद, आली की मी आधी '०१ वेतन' बघायची. तिथं पैसे असायचे. उशिरा आले तरी यायचे. मग खाली '११ प्रवास खर्च', '१३ कार्यालयीन खर्च', पेट्रोल-तेल-वंगण. तिथं पोचलं की पोटात गोळा यायचा. पगार देऊन माणूस ठाण्यात उभा करण्याएवढे पैसे असतात. त्या माणसानं काम नीट करावं म्हणून जे लागतं, ते या खालच्या ओळींत असतं आणि त्या ओळी नेहमी उपाशी. पंचनाम्याच्या झेरॉक्स अंमलदार खिशातून काढतात. खिसा रिकामा झाला, की फिर्यादीलाच "दोन रिम कागद आणा" सांगणारेही असतात, आणि लोक म्हणतात पोलीस खातात. खाणारे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण कागदाचे पैसे सरकारनं वेळेवर दिले असते तर निदान ती पळवाट तरी राहिली नसती.

तुमच्या चौकातलं बॅरिकेड कधी जवळून पाहिलंत का? त्यावर 'पोलीस' या शब्दाखाली एखाद्या सराफी पेढीचं किंवा बिल्डरचं नाव असतं. ते बॅरिकेड त्यांनी दिलेलं असतं. ज्यानं दिलं तो पुढे कधीतरी ठाण्यात येतो, आणि त्याला बाकावर बसून वाट बघावी लागत नाही. मला ही गोष्ट मनापासून खुपते. कायदा राखणाऱ्या खात्यानं रस्त्यात लावायचं लोखंड दान मागून आणावं, यात कुणाचीच शोभा नाही.

गाड्यांचं त्यामानानं बरं चाललंय. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गाड्या येतात, पालकमंत्र्यांच्या हस्ते चाव्या दिल्या जातात, फोटो छापून येतो. केंद्राची पोलीस दल आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० पासून आहे. आपल्यासारख्या राज्यात तिच्यात शंभरातले साठ रुपये केंद्राचे, चाळीस राज्याचे. त्यातून शस्त्रं, वायरलेस, प्रयोगशाळेची यंत्रं येतात, आणि आलेला पैसा वेळेत खर्च होत नाही म्हणून कॅगचे ताशेरेही येतात.

प्रशिक्षणाची फीत कापता येत नाही. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टनं मांडलं, की देशभरात पोलिसांच्या बजेटमधले सव्वा टक्क्याच्या आसपास पैसे प्रशिक्षणावर जातात. म्हणजे शंभर रुपयांतला सव्वा रुपया. बाईंना हा आकडा सांगितला तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या शाळेत खडूला याहून जास्त लागायचे."

पण उद्या तो सव्वा रुपया पाच रुपये झाला, तरी बाईंना भेटलेला पोरगा वर्गात बसला असता असं मला वाटत नाही. हे मी आस्थापनेच्या टेबलावर शिकले.

पद्धत अशी. प्रशिक्षण केंद्राचं पत्र येतं: अमुक तारखेपासून सायबर तपासाचा कोर्स, आपल्या घटकातून दहा अंमलदार पाठवावेत. आम्ही ते सगळ्या ठाण्यांना पाठवायचो. चार दिवसांनी उत्तरं यायची, एकाच साच्यातून काढल्यासारखी. 'मनुष्यबळ अपुरे असल्याने', 'यात्रा बंदोबस्त असल्याने', 'सदर अंमलदार साप्ताहिक रजेवर असल्याने'. वरून फोन गेला की मग नावं यायची, आणि ती बघून कळायचं की ठाण्यानं कुणाला सोडलंय. निवृत्तीला आलेला. नुकतं ऑपरेशन झालेला. साहेबांशी खटका उडालेला. मी ठाणेदारांना दोष देत नाही. मंजूर पदं ऐंशी, भरलेली साठ, त्यातले काही कोर्टात, काही समन्स बजावायला, काही बंगल्यावर आणि कंट्रोलला. उरलेल्यांतून तपासाचा चांगला पोरगा पंधरा दिवस सोडला, तर रात्रपाळी कोण करणार? शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते म्हणून बाईंचं प्रशिक्षण होऊ शकायचं. पोलीस ठाण्याला कुलूप लागत नाही.

सरकारकडून मला हवंय ते एवढंच: पदं मंजूर करतानाच प्रशिक्षणात असणाऱ्या माणसांची पदं वेगळी धरा. प्रत्येक ठाण्यात काही माणसं कायम वर्गात असणार, हे मान्य करा आणि त्यांच्या जागी उभं राहायला माणसं द्या. यालाही पैसे लागतात, बरेच लागतात, आणि ते '०१ वेतन' मध्येच लागतात. इमारत बांधून हे काम होत नाही.

इमारती आपल्याकडे आहेत. नाशिकची अकादमी १९०६ साली पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. फौजदार तिथं घडतात. शिपायांसाठी खंडाळा, मरोळ, जालना, अकोला, नागपूर, सोलापूर, धुळे, तासगावजवळचं तुरची, दौंडजवळचं नानवीज. मी होते त्या केंद्रात नऊ महिन्यांच्या बॅचेस यायच्या. पहाटे साडेपाचला परेड, आणि दुपारी कायद्याच्या तासाला निम्मी मुलं डुलक्या घेत असत. त्यांची काय चूक? शिकवणाऱ्यांतले बरेचजण बदलीच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला माझ्या खिडकीशी यायचे. प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक म्हणजे साइड ब्रँच, अशी खात्यात समजूत. १९७१ मध्ये नेमलेल्या गोरे समितीनंही प्रशिक्षणाकडे होणाऱ्या या दुर्लक्षावर बोट ठेवलं होतं. कितीतरी वर्षांनी मी तेच अर्ज आवक रजिस्टरला चढवत होते.

तिथं एक सहायक निरीक्षक होते. स्वतःहून मागून आलेले, हे फार दुर्मीळ. ते फिर्याद कशी घ्यायची हे पुस्तकातून शिकवत नसत. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींना वर्गात बोलवायचे आणि सांगायचे, "मावशी, तुमचं मंगळसूत्र चोरीला गेलंय असं समजा, पोरांना सांगा." मावशी तिकडून सुरू करायच्या: सकाळी नळाला पाणी नव्हतं, मग जाऊबाई आल्या, मग गॅस संपला. मुलं वैतागायची. एकानं मध्येच तोडलं, "मावशी, मुद्द्याचं बोला." साहेब म्हणाले, "थांब. जाऊबाई किती वाजता आल्या ते विचारलंस का?" वर्ग एकदम शांत झाला. मी दारात सहीसाठी फाईल घेऊन उभी होते, ती तशीच धरून तास संपेपर्यंत ऐकत राहिले. त्या साहेबांना त्या तासाचा जादा छदाम मिळत नव्हता. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. पुढच्यांनी मावशींना मेसमध्येच ठेवलं.

गोळीबाराच्या सरावाचं एक सांगते. शिकाऊ मुलींची बॅच रेंजवर होती. वाट्याला आलेले राउंड थोड्या वेळात संपले. मग रिकाम्या पुंगळ्या मोजल्या, तर एक कमी. झाडलेल्या प्रत्येक काडतुसाची पुंगळी जमा करावी लागते, आणि तो नियम योग्यच आहे. पण ऊन चढेपर्यंत त्या साऱ्या मुली ओणव्या होऊन गवत चाळत होत्या. नेम धरायला मिनिटं मिळाली आणि पुंगळी शोधायला दोन तास. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनं दारूगोळ्याअभावी सराव होत नसल्याचं नोंदवलं होतं. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हल्लेखोराच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. त्यांचं नाव घेताना माझा आजही गळा दाटतो, आणि पाठोपाठ ते गवत आठवतं.

नव्या फौजदारी कायद्यांच्या वेळी, ते १ जुलै २०२४ ला लागू होण्याआधी, घाईघाईनं दोन-तीन दिवसांच्या तुकड्या निघाल्या. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायचं. कायदा चांगला आहे. पण चित्रीकरण कशावर करायचं, तर बहुतेकांनी स्वतःच्या मोबाइलवर. ज्या फोनमध्ये पोरीचे वाढदिवसाचे फोटो, त्याच फोनमध्ये जप्तीचा पुरावा. एका हवालदारानं मला विचारलं होतं, "मॅडम, डेटा पॅकचं बिल कुठल्या हेडला लावायचं?" मला सांगता आलं नाही.

शेवटी त्या सायबर कोर्सवर येते, कारण बाईंचं उत्तर तिथं आहे. सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. दुसऱ्या एका ठाण्यानं एक हवालदार पाठवले होते, निवृत्तीला पाच महिने उरलेले. परत आल्यावर प्रवासभत्त्याचं बिल घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि दोनशे पानी वही पुढे केली. मोत्यासारखं अक्षर, लाल-निळ्या शाईनं आखलेलं. पहिल्याच पानावर मोठ्या आकड्यांत '१९३०', सायबर फसवणुकीची तक्रार करायचा हेल्पलाइन नंबर, आणि खाली: 'आधी फोन, मग कागद. पैसे वाटेतच थांबवता येतात.' म्हणाले, "ताई, एवढी झेरॉक्स काढून देता का? मी तर फेब्रुवारीत घरी जाणार. ठाण्यातल्या पोरांना देतो." प्रवासभत्ता त्यांना निवृत्तीनंतर मिळाला. झेरॉक्स मी तेव्हाच काढून दिली.

बाई ज्या ठाण्यात गेल्या, त्या ठाण्याकडूनही त्याच कोर्ससाठी दोन नावं मागवली होती. त्यांचं उत्तर मला आठवतं, कारण वरून फोन करूनही ते बदललं नाही: 'आगामी गणेशोत्सव बंदोबस्त विचारात घेता एकही अंमलदार प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करता येणार नाही, सविनय सादर.' मी त्यावर आवक क्रमांक टाकला, साहेबांची सही घेतली आणि पत्र फाईलला लावलं.