मळा, वाडा आणि भिंतीवरचा चौक : आमची वाटचाल

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आमचे गाव आहे. गावात आमचा जुना वाडा आहे, वाड्यामागे द्राक्षबाग आहे, आणि गेली काही वर्षे त्याच बागेच्या द्राक्षांची वाइन आम्ही वाड्यातच मुरवतो. पाहुणे बहुधा विचारतात की वाइन, वारसा आणि चित्रकला या तीन गोष्टी एकत्र आणण्याची कल्पना कशी सुचली. खरे सांगायचे तर या गोष्टी आमच्या अंगणात आधीपासून एकत्रच होत्या. त्यांच्याकडे नीट पाहायला आम्हालाच उशीर झाला.

बाबांची बाग थॉम्पसन सीडलेस या खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची होती, आणि तिचे सारे शास्त्र मणी मोठा करण्याचे होते. एप्रिलमध्ये नव्या काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, मग घडांची विरळणी, जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या) द्रावणात घड बुडवणे आणि शेवटी निर्यातीच्या पेटीसाठी मण्याची फुगवण मिलिमीटरमध्ये मोजणे, असा वर्षाचा क्रम होता. वाइनच्या द्राक्षाचे गणित याच्या नेमके उलटे असते. लाल वाइनचा रंग, टॅनिन म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य आणि सुगंधाचा मोठा वाटा सालीत असतो, त्यामुळे मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त आणि वाइन तितकी भरीव. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यानंतर जिल्ह्यात वाइनच्या वाणांची लागवड वाढली, आणि २००६ साली आम्हीही दोन एकरांवर लाल वाइनचे शिराझ आणि पांढऱ्या वाइनचे शेनिन ब्लांक हे वाण लावले. पहिल्या हंगामातले ते बारीक, बियांचे मणी हातावर घेऊन बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्यांनी आयुष्यभर मणी फुगवला, त्यांना पाणी तोडून वेलीला मुद्दाम ताण द्यायला सांगणे मला जड गेले होते, हे मी आजही विसरलेलो नाही.

२००८-०९ मध्ये मंदी आली आणि वाइनची मागणी एकाएकी खाली गेली. ज्या कारखान्याशी आमचा करार होता, त्याने माल उचलला नाही. परिसरातल्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडल्या. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने डावणी हा बुरशीचा रोग पसरला आणि उरलेसुरले घडही गेले. त्या वर्षी आम्हीही कुऱ्हाड हातात घेतली असती. पण बाबाच म्हणाले, की ओलांडे, म्हणजे मांडवावर पसरणाऱ्या वेलीच्या मुख्य फांद्या, आता कुठे तयार झाले आहेत, वेलीला तिचे वय मिळू द्या. ज्यांनी ही लागवड मनापासून कधी स्वीकारली नव्हती, त्यांच्याच शब्दाने ती वाचली. दुसऱ्यासाठी द्राक्षे पिकवण्याऐवजी स्वतःची वाइन करायची, हा निर्णय आम्ही त्या उन्हाळ्यात घेतला.

निर्णय घेणे सोपे होते, गावाला सांगणे सोपे नव्हते. आमच्या गावातल्या बायकांनी काही वर्षांपूर्वीच देशी दारूचे दुकान मतदानाने बंद पाडले होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ या चिन्हाला, म्हणजे दुकानबंदीला, मत दिल्याशिवाय तसे दुकान बंद होत नाही, आणि त्यासाठी त्या घरोघर फिरल्या होत्या. त्यांच्यासमोर ग्रामसभेत उभे राहून वाइन आणि दारू वेगळी असते, असे भाषण करणे मला खोटेपणाचे वाटले. दोन्हींत अल्कोहोल असतेच. त्यांनी घातलेल्या अटी आम्ही लिहून घेतल्या : गावात किरकोळ विक्री करायची नाही, कामावर येणाऱ्या कोणालाही मजुरीच्या बदल्यात किंवा भेट म्हणून बाटली द्यायची नाही, आणि बायकांची मजुरी त्यांच्याच खात्यात जमा करायची. या अटी आजही पाळल्या जातात, आणि धंद्याच्या दृष्टीने त्यांनी आमचे काहीही बिघडवलेले नाही.

वाइन मुरवायला जागा हवी होती, आणि नवे गोदाम बांधण्याइतके पैसे नव्हते. वाड्याची मागची पडवी आणि बळदाची, म्हणजे धान्य साठवण्याची, खोली रिकामी होती. काळ्या दगडाच्या जाड भिंतींमुळे तिथे उन्हाळ्यातही गारवा असे. पण भिंतींना लोणा (ओलीने फुलणारा क्षार) लागला होता, आणि त्याला कारणीभूत आम्हीच होतो. पूर्वी डागडुजी म्हणून आम्ही त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. जुनी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद केली, ओल आतच अडकली, क्षार पृष्ठभागावर फुलून आले आणि सागवानी तुळयांची भिंतीतली टोके कुजू लागली. तो सगळा गिलावा छिन्नीने काढावा लागला. मग चुना विरवून मुरत ठेवला, वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळला, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घातले, आणि चुन्याचे काम अजून हाताशी असलेल्या एका म्हाताऱ्या गवंडीबाबांना शोधून आणले. ते एका दिवसात जेवढी भिंत करत, तेवढी सिमेंटवाल्याने तासाभरात केली असती. माझ्या मते आमच्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत योग्य खर्च होता, कारण २२५ लिटरच्या ओक पिंपांना जसा गारवा लागतो तशीच हवेत बेताची ओलही लागते; हवा फार कोरडी असेल तर लाकडातून वाइन उडून जाते आणि पिंपात पोकळी राहते. वाड्याने सगळेच काम केले असे मात्र नाही. पांढऱ्या वाइनचे किण्वन (रस आंबण्याची क्रिया) १५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायला स्टीलच्या टाक्या आणि शीतयंत्र घ्यावेच लागले.

गिलावा काढतानाच देवघराच्या भिंतीवर, चुन्याच्या कित्येक हातांखाली, गेरू आणि काजळीने रेखलेली पोपटांची जोडी आणि वेलबुट्टीचा पट्टा सापडला. चांदवडला होळकरांच्या रंगमहालात भित्तिचित्रे पाहिलेली असल्यामुळे हा हात त्या तोडीचा नाही हे आम्हाला लगेच कळले. गावातल्याच कोणीतरी ते काढले असावे, आणि म्हणूनच आम्हाला ते अधिक मोलाचे वाटले. नव्याने रंग भरून द्यायला काही जण तयार होते. आम्ही नकार दिला. फक्त धूळ काढली, सुटलेला चुना जागेवर बसवला आणि चित्र जसे उरले होते तसेच ठेवले.

चित्रांबद्दलचा खरा धडा मात्र बागेतून मिळाला. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी आणि तोडणीसाठी पेठ आणि सुरगाणा भागातून आदिवासी कुटुंबे दरवर्षी येतात. आमच्याकडे अनेक वर्षे येणाऱ्या एका वारली मावशींनी आपल्या खोपीच्या कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून, तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने आमचीच बाग काढली होती : मांडव, क्रेट डोक्यावर घेतलेल्या बायका, बांधावरचा कुत्रा. ज्या हातांनी आमचे घड खुडले, त्यांना हे येते हे इतकी वर्षे आम्ही विचारलेही नव्हते.

बाटलीच्या लेबलसाठी मी त्यांना लग्नचौक, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात तो चौकोन, काढून द्याल का, असे विचारले. त्यांनी स्पष्ट नाही म्हटले. चौक लग्नघरात सुवासिनी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आत वारल्यांची पालघट देवी बसते. तो बाटलीवर बसवायचा नसतो. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले, त्यांना २०११ साली पद्मश्रीही मिळाली, आणि त्यानंतर ही चित्रशैली पिशव्यांपासून पडद्यांपर्यंत सगळीकडे छापली गेली. परंतु छापता येण्याजोगे काय आणि न छापण्याजोगे काय, हे ठरवण्याचा हक्क ज्यांचे चित्र आहे त्यांचाच असतो, हे मला त्या दिवशी समजले. त्यांनी आमच्यासाठी तोडणीचे चित्र काढले. लेबलवर चित्र काढणारीचे नाव असते, आणि प्रत्येक बाटलीमागे ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जाते.

ते चित्र आमच्या कामाचे खरे वर्णनही आहे, कारण त्यातली तोडणी काळोखात चालली आहे. फेब्रुवारी सरू लागला की दिवसाचे ऊन चढते, साखर भराभर वाढते आणि आम्लता घसरते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल होते, त्यामुळे तोडणी चार दिवस लांबली तरी वाइन जड आणि बोथट होते. म्हणून ब्रिक्स (रसातली साखर) आणि पीएच (आम्लता) रोज मोजून, आम्ही पहाटे कपाळावर दिवे बांधून तोडतो आणि सूर्य वर येण्याआधी घड टाकीपाशी पोहोचवतो. नाशिक व्हॅली वाइनला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या नावाला जागायचे असेल तर ते याच दोन-तीन तासांत जागावे लागते.

२०२० च्या टाळेबंदीत त्या वर्षीची वाइन टाक्यांत होती आणि दारात पाहुणा नव्हता. ते महिने आम्ही वाड्याच्या माडीची कौले उतरवून वासे बदलण्यात घालवले. त्या माडीत आता चार खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. देवघर मात्र आम्ही चवचाचणीच्या फेरीत घेत नाही. पोपट पाहायचे असतील त्यांनी चपला काढून, ग्लास बाहेर ठेवून आत यावे, अशी आमची विनंती असते, आणि आजवर ती कोणी मोडलेली नाही.

बाबा आता बागेत फारसे फिरत नाहीत. गोडी छाटणीआधी मावशी आणि त्यांची सून येतात, पावसाने धुपलेली शेडची भिंत पुन्हा गेरूने सारवतात आणि त्या वर्षीचे चित्र काढतात. बाबा खुर्ची टाकून समोर बसतात आणि घडातले मणी जरा मोठे काढा, असे दरवेळी सांगतात. गेल्या वर्षीच्या चित्रात एका वेलीचे मणी खरोखरच टपोरे आहेत.