शेवटी एक फिल्म स्वच्छ आली!

आज सकाळी नऊपासून स्पिन कोटरसमोरच होते, म्हणजे काच गरगर फिरवून तिच्यावर द्रावण पातळ पसरवणारं यंत्र. काचेवर टायटेनियम डायऑक्साइडची फिल्म, म्हणजे पातळ थर, तीन दिवस एकही धड येत नव्हती. कधी धूमकेतूसारख्या शेपट्या, म्हणजे एक बारीक ठिपका आणि तिथून कडेकडे गेलेली रेघ. ठिपका म्हणजे कण, सोल (थर द्यायचं द्रावण) फिरताना त्याला अडतो. मग ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर काढून ०.२ चा लावला, काचा परत ॲसिटोन आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुतल्या, शेपट्या गेल्या.

धुरकटपणा मात्र हटेना. बाहेर धो धो पाऊस, लॅबमधली ह्युमिडिटी ८२ टक्के, आणि सोलमधल्या टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइडला, ज्यापासून ही फिल्म बनते, हवेतला ओलावासुद्धा पुरतो हो, फिरता फिरताच पांढरं पडतं. त्याला ओलाव्यापासून आवरून धरणारं ॲसिटिलॲसिटोन कमी पडलं होतं. आज नवीन सोल करताना मोलला मोल, म्हणजे दोघांचे रेणू सारखेच होतील इतकं घातलं, मस्त पिवळाधमक झाला, मग डीह्युमिडिफायर लावून ४५ टक्क्यांवर येईपर्यंत वाट बघितली आणि मगच ३००० आरपीएम, ३० सेकंद.

ज्युनियरच्या फिल्मला तडे जात होते, ती तीन थर एकावर एक देऊन एकदाच भट्टीत टाकायची. तिला म्हटलं अगं प्रत्येक थर आधी हॉट प्लेटवर वाळव, आणि भट्टी मिनिटाला २ अंशानेच ४५० पर्यंत चढव, घाई नको.

संध्याकाळी माझी काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा निळा रंग! लगेच आईला फोटो पाठवला. उद्या एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासायचा) स्लॉट आहे, ॲनाटेजचं, म्हणजे टायटेनियम डायऑक्साइडच्या मला हव्या त्या स्फटिकरूपाचं, शिखर २५.३ अंशाला दिसू दे रे देवा.