नॅन्सी ह्यूजेसची चोपन्न वर्षे

आज दिवसभर हेलन वॅग्नर या अमेरिकन अभिनेत्रीविषयी वाचत होते आणि आता रात्री लिहायला बसल्यावरही त्यांच्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. २ एप्रिल १९५६ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही दुपारची मालिका सुरू झाली आणि तिचा पहिला संवाद नॅन्सी ह्यूजेस झालेल्या वॅग्नर यांच्या तोंडी होता. १ मे २०१० रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत मधले काही खंड वगळता त्या नॅन्सीच होत्या. दूरचित्रवाणीवर एकच भूमिका सर्वाधिक काळ साकारल्याबद्दल गिनेस बुकात त्यांची नोंद झाली.

विक्रमापेक्षा मला त्या कामाचे स्वरूप अधिक विचार करायला लावते. १९७५ पर्यंत ही मालिका थेट प्रक्षेपित होत असे. आठवड्याचे पाच दिवस रोज नवे संवाद पाठ करायचे, तालीम करायची आणि देशभरातील प्रेक्षकांसमोर ते एकदाच, चुकीला जागा न ठेवता सादर करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे पहिल्यापासून. रंगभूमीवरच्या नटाला निदान तेच नाटक पुन्हा करून पाहता येते, कालचा चुकलेला क्षण आज सावरता येतो. यांना तीही सोय नव्हती. शिवाय नॅन्सीच्या वाट्याला आलेले प्रसंगही फार नाट्यमय नव्हते. स्वयंपाकघर, कॉफी, मुलांची काळजी, सासऱ्यांशी बोलणे, एवढ्यातून माणूस उभे करायचे होते. मालिकेच्या जनक इर्ना फिलिप्स यांनी सुरुवातीच्या काळात वॅग्नर यांना काढून टाकले होते आणि त्यांची कॉफी ओतण्याची पद्धत पसंत न पडणे हे त्याचे कारण सांगितले जाते. त्या लवकरच परत आल्या. इतक्या बारीक गोष्टीवरून पारख होत असेल, तर या कामाला सोपे कसे म्हणावे?

२२ नोव्हेंबर १९६३ची दुपार तर डोळ्यांसमोरून हलत नाही. नॅन्सी आणि तिचे सासरे, म्हणजे घरातले आजोबा, यांच्यातला साधा घरगुती प्रसंग चालू होता, नॅन्सीच्या मुलाने आपल्या घटस्फोटित पत्नीला सणाच्या जेवणाला बोलावल्याची चर्चा होती, आणि संवाद अर्ध्यावर असताना पडद्यावर बातमीची पाटी येऊन सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज ऐकू आला: राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळीबार झाला आहे. स्टुडिओतल्या कलाकारांना याची कल्पनाच नव्हती. कोणी पाहत नसताना ते पुढचे संवाद त्याच निष्ठेने म्हणत राहिले. ती मिनिटे कोणाही प्रेक्षकाने पाहिली नाहीत, तरी त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला तीच सर्वांत मोलाची वाटतात.

पुढे १९८६ मध्ये त्यांच्या पडद्यावरील पतीची, ख्रिस ह्यूजेसची, भूमिका करणारे डॉन मॅक्लॉक्लिन वारले आणि कथेतही ख्रिसचा मृत्यू दाखवण्यात आला. तीस वर्षे ज्यांच्यासोबत रोज काम केले, त्या सहकाऱ्याचा शोक पात्राच्या शोकात मिसळून कॅमेऱ्यासमोर करावा लागणे, हे या माध्यमाखेरीज दुसरीकडे क्वचितच घडत असेल. अभिनेत्री आणि व्यक्तिरेखा प्रेक्षकांसोबत एकाच गतीने वृद्ध होत गेल्या. चित्रपट दोन तासांत केसांना पांढरा रंग लावून जे सुचवतो, ते येथे प्रत्यक्ष घडले.

असे असूनही दुपारच्या मालिकांतील अभिनयाला दुय्यम मानले गेले आणि वॅग्नर यांना डेटाइम एमीचा, म्हणजे अमेरिकेत दिवसा दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठीच्या पुरस्कारांतला, जीवनगौरव पुरस्कार २००४ साली, म्हणजे पदार्पणानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने मिळाला. तो फार उशिरा मिळाला, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १७ सप्टेंबर २०१० रोजी मालिकाही संपली. नॅन्सीच्या दुसऱ्या पतीला, डॅन मॅक्क्लॉस्कीला, अल्झायमर जडतो तो कथाभाग मी अजून पाहिलेला नाही. उद्या प्रथम तोच शोधणार आहे, कारण उतारवयातल्या वॅग्नर यांनी ते सोसणे कसे दाखवले असेल, याची मला फार उत्सुकता आहे.