आपलं नाटक दुसऱ्याच्या तोंडून

आमच्या मंडळात स्वतःचं नाटक स्वतः वाचायचं नाही. हा नियम पारोळ्याच्या जिभाऊंनी घातला आणि ते गेल्यानंतरही आम्ही मोडलेला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या संहिता माझ्याकडे येतात. एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतो, आणि ज्याच्या हाती ज्याची चिठ्ठी येईल त्याने ती एकांकिका किंवा नाट्यछटा घरी न्यायची, महिना-सव्वा महिना सांभाळायची आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी अमळनेरला सगळ्यांसमोर वाचायची. लेखकाने मागच्या रांगेत बसायचं आणि वाचन संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं, तो दिवस. आमचा मेळावाही त्याच दिवशी व्हावा असं पहिल्या वर्षी ठरलं होतं. पण नोव्हेंबरात खान्देशात कापूस वेचणी जोरात असते, आणि आमच्यातले निम्मे लेखक शेतीवाले. माणसं येणार कशी? म्हणून संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. त्याचा एक फायदा असा की थंडी असते, भरताची वांगी ऐन भरात असतात आणि तिळगूळ उरलेला असतो.

दीपप्रज्वलन, स्वागत, अहवालवाचन हे सगळं होतं. अहवाल मीच वाचते, चार मिनिटांत. नारळ फुटतो, फोटोला हार घातला जातो, आणि साडेदहाला पहिली संहिता सुरू झालेली असते. दिवसभरात बाराच संहिता घ्यायच्या असं ठरलेलं आहे. एकांकिकेला पंचवीस मिनिटं, नाट्यछटेला आठ.

पण मला जे सांगायचं आहे ते वाचनानंतरचं. वाचणाऱ्याने संहिता मिटवायची आणि उभं राहून पहिली दाद द्यायची. तिचेही नियम आहेत. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द चालत नाहीत. जे लिहिणं आपल्याला जमलं नसतं अशी निदान एक जागा दाखवायची आणि ती का जमली नसती ते सांगायचं. चुका काढायच्या असतील तर त्या जेवणानंतर, लेखकाला बाजूला घेऊन. इतकी वर्षं मी हे ऐकते आहे, तरी कोणी दादेसाठी उभं राहिलं की माझे हात गार पडतात.

भुसावळच्या अण्णांची दाद मी कधी विसरणार नाही. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, यार्डात उभं आयुष्य गेलेलं, आवाज खणखणीत. त्यांच्या हाती चिठ्ठी आली ती धरणगावच्या बाईंच्या नाट्यछटेची. नाट्यछटा हा प्रकार दिवाकरांनी १९११ पासून मराठीत रुजवला. एकच माणूस बोलतो आणि समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखायचं. बाईंच्या छटेत एक सासुरवाशीण गाठोडं बांधून ओट्यावर बसलेली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला भाऊ यायचा आहे. शेजारीण काहीतरी विचारते, ही सांजोऱ्यांचं सांगते, झोक्याचं सांगते, गौराईच्या गाण्यातली कोणती ओळ कोण विसरायचं ते सांगते. मधूनच गाठोड्याची गाठ सोडते आणि पुन्हा बांधते. बोली अर्थातच अहिराणी.

अण्णांनी आवाज बदलला नाही. बाईचा आवाज काढायचा प्रयत्नच केला नाही. रेल्वेची सूचना वाचावी तसं सरळ वाचत गेले. समोर दोघं-तिघं हसतही होते, कारण मजकूर गमतीदार होता. आणि शेवटी शेजारीण आत जाते, तेव्हा ही हळूच विचारते, “आखाजी त काल व्हई गई ना वं?”

हॉलमध्ये कोणी हललं नाही. आम्ही सगळे सणाच्या आधीच्या सकाळी बसलो होतो आणि सण तर उलटून गेला होता.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, “महिनाभर हे वाचतोय. मी लिहिलं असतं तर ‘सण होऊन गेला, भाऊ आला नाही’ हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं असतं. मग सगळे रडले असते आणि मला वाटलं असतं, झालं नाटक. बाईंनी ते शेवटपर्यंत हातात धरून ठेवलं. मला इतका वेळ धरता आलं नसतं. आणि ती गाठ सोडून बांधणं आहे ना, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हिच्या हाताला चाळा आहे. चौथ्यांदा वाचलं तेव्हा कळलं, ती कालपासून हेच करतेय.”

मागच्या रांगेत धरणगावच्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. तेवीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, शेकडो मुलांना पाठ थोपटून मोठं केलेल्या. त्यांच्या लिहिण्याबद्दल असं कोणी पहिल्यांदा बोललं, हे त्यांनी मला जेवताना सांगितलं. त्यांच्या घरात नाटक लिहिणं म्हणजे वेळ जात नाही म्हणून केलेला उद्योग समजला जातो.

पुढच्या वर्षी अण्णांची एकांकिका आली. बाप-लेकाची गोष्ट, रेल्वेच्या क्वार्टरमधली. दोघांचं पटत नाही. बोलायला लागले की मालगाडी येते, भिंती हादरतात, दोघं थांबतात. अण्णांनी प्रत्येक थांबण्यापुढे लिहिलं होतं किती डब्यांची गाडी. चाळीस डबे. बावन्न डबे. एकदा नुसतं इंजिन. ती वाचायची पाळी माझ्यावर आली. बावन्न डब्यांच्या शांततेत मी खरोखर थांबले, मनात डबे मोजले, आणि जाणवलं की बाप याच वेळात बोलायचं ठरवतो आणि याच वेळात न बोलायचंही ठरवतो. दादेत मी तेच सांगितलं. मौन लिहायचं म्हणजे आम्ही बाकीचे कंसात ‘थोडा वेळ शांतता’ असं लिहून मोकळे होतो. अण्णांनी त्या शांततेला लांबी दिली आणि आवाज दिला. आणि बापाच्या मनातलं शेवटच्या पानापर्यंत हातात धरून ठेवलं होतं, बाईंनी धरलं होतं तसंच. मी हे म्हटलं तेव्हा अण्णांनी धरणगावच्या बाईंकडे बघून मान हलवली.

एकमेकांचं वाचून एकमेकांचं लिखाण असं बदलत गेलेलं मी पाहिलं आहे. रावेरच्या आप्पांचं स्वगत शिरपूरच्या एका कॉलेजातल्या पोराने वाचलं होतं. मे महिन्यातल्या वादळात आडवी झालेली केळीची बाग, आणि मालक एकटाच खोडं मोजतोय. मोजता मोजता आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पोरगा म्हणाला, “आप्पांनी ‘नुकसान’ हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. मी लिहिला असता, दर ओळीला लिहिला असता.” आप्पांना तो मुलगा इतका आवडला की संध्याकाळी स्वतःच्या गाडीतून त्याला धुळ्याच्या बसपर्यंत सोडायला गेले. तो पोरगा आता दर वर्षी येतो आणि त्याच्या लिखाणातली विशेषणं कमी कमी होत चालली आहेत.

ही दाद लिहून ठेवायची पद्धतही जिभाऊंची. ते म्हणायचे, साने गुरुजी या गावात शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढायचे, रोजच्या रोज. आपल्याला वर्षातून एक दिवस लिहायला काय हरकत आहे? म्हणून आमची एक दादेची वही आहे. कोणी कोणाची कोणती ओळ निवडली, एवढंच त्यात असतं. सुरुवातीच्या वह्यांत जिभाऊंचं अक्षर आहे, टाकाने लिहिल्यासारखं बारीक. आता मी लिहिते.

एक गोष्ट मनात आहे ती बोलतेच. आपली संहिता वाचून झाली, आपल्याला दाद मिळाली की लगेच भुसावळकडची गाडी आठवणारे काही जण आहेत. बाराव्या संहितेच्या वेळी एका वर्षी हॉलमध्ये नऊ माणसं उरली होती, मी धरून. ती शेवटची छटा नंदुरबारहून आलेल्या एका मुलीची होती. पहिल्यांदाच लिहिलेली, पहिल्यांदाच आलेली. तिच्यासमोर सतरंज्या रिकाम्या पडलेल्या. दुसऱ्याचं ऐकायला थांबायचं नसेल तर आपलं ऐकवायला यायचं कशाला? त्या वर्षापासून मी चिठ्ठ्यांचा क्रम सकाळी जाहीर करत नाही. काहींना राग आला आहे, येऊ दे. पुण्या-मुंबईचे मोठे पाहुणे येणार असले की हॉल भरतो आणि ते ऐनवेळी आले नाहीत की कुजबुज सुरू होते, याचंही मला वाईट वाटतं. आम्ही पाहुण्यांसाठी जमत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर ७२ वर्षांनी हा मान गावाला मिळाला, त्यामुळे जानेवारीत सगळं गाव त्याच धांदलीत. यंदा आपला मेळावा नको, असं मंडळातल्या बऱ्याच जणांचं मत पडलं. मी ऐकलं नाही. संमेलनाचा मलाही अभिमान होता, मीही तिथे तिन्ही दिवस जाणार होते. पण आपल्यातल्या कोणाची एकांकिका त्या मांडवात कोण वाचणार होतं? आम्ही चौदा जण जमलो. चौदाच्या चौदा शेवटपर्यंत बसले. त्या दिवशीच्या वहीची पानं सगळ्यांत जास्त भरली आहेत.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं होतं त्यांच्याबद्दल. कोणी राहून जाईल याची मला दर वर्षी धास्ती असते आणि दर वर्षी कोणीतरी राहतंच. वाचनालयाचा वरचा हॉल सुट्टीच्या दिवशी उघडून देणारे शिपाईकाका, जे स्वतः खाली न थांबता जिन्यात बसून ऐकतात. माईकवाला भाऊ, जो आमच्याकडून फक्त रिक्षाभाडं घेतो आणि वाचणाऱ्याच्या उंचीप्रमाणे स्टँड न सांगता खालीवर करतो. हाताने लिहिलेल्या संहिता कॉम्प्युटरवर उतरवून देणारी चोपड्याची ताई, अहिराणीतला एकही शब्द ‘सुधारत’ नाही, याबद्दल तिचे विशेष आभार. झेरॉक्सच्या दुकानातले दादा, पानांचा क्रम चुकला तर फोन करून विचारणारे. हॉलच्या मागच्या अंगणात पहाटेपासून कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजणाऱ्या चार काकू, लाकडी बडगीत भरीत ठेचणारे त्यांचे यजमान, पुऱ्या लाटायला येणाऱ्या शेजारच्या दोन सुना, ज्यांची नावं मी दर वर्षी विचारते आणि त्या दर वर्षी हसून “राहू द्या ना ताई” म्हणतात. चहा देणारा पोरगा, वाचन चालू असताना कपांचा आवाज होऊ नये म्हणून चप्पल काढून फिरणारा. बसस्टँडवरून माणसं आणणारे पाचोऱ्याचे सर. सतरंज्या देणारं भजनी मंडळ, आणि त्या परत पोचवणारे माझे यजमान, ज्यांनी आजवर एकही नाटक लिहिलेलं नाही पण एकही मेळावा चुकवलेला नाही.

आणि जिभाऊंच्या घरच्या वहिनी. जिभाऊ गेल्यावर पहिल्या वर्षी त्या येतील असं वाटलं नव्हतं. दहा वाजता आल्या, पिशवीतून तो चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हाऊ तुम्हनाच शे.” तोवर मला माहीतच नव्हतं की तो त्यांच्या स्वयंपाकघरातला मिठाचा डबा होता आणि जिभाऊ दर वर्षी तो रिकामा करून आणायचे.

येत्या रविवारी पुन्हा मेळावा आहे. डबा मी धुऊन, पुसून ठेवला आहे. या वेळी माझ्या चिठ्ठीत त्या नंदुरबारच्या मुलीची एकांकिका आली. ती आता तिसऱ्यांदा येते आहे. दोन पात्रं आहेत, एक विहीर आहे. पाचवं पान मी आतापर्यंत सात वेळा वाचलं, आणि त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे. ती ओळ इथे लिहिता येणार नाही. आधी सांगायचं नाही, हाही जिभाऊंचा नियम आहे.